अडतीसची गोळी अडतीस नसते

रात्री साडेदहाला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. पेनसिल्व्हेनियात तेव्हा दुपारचा एक. टेबलावर हिरवं फडकं, त्यावर जुनं ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्वर आणि शेजारी गोळ्यांचे तीन डबे. एकावर ०.४५२ इंच, दुसऱ्यावर ०.४५४, तिसऱ्यावर ०.४५५. पोरगा पाचोऱ्याचा. तिकडे जाऊन बारा वर्षं झाली, तरी वैतागला की अहिराणीवर येतो. "मामा, रिव्हॉल्वर ४५५ नं शे, मंग दुकानदार माले ४५४ नी गोळी का बरं दी राहिना?"

मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. जळगावच्या एमआयडीसीत पस्तीस वर्षं लेथ आणि ग्राइंडरवर गेली, साचे आणि गेज बनवण्यात. पण भाच्याचा प्रश्न बंदुकीचा नव्हताच, मापाचा होता. भोकात बसणारी वस्तू कोणत्या मापाची घ्यायची, हा प्रश्न मी रोज सोडवत आलो. जुन्या हत्यारांबद्दल वाचायची खोडही जुनी आहे. म्हणून त्याला जे तासभर सांगितलं, तेच इथे जरा सावकाश लिहितो.

आधी एक खुलासा. झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतूस तयार करायचा छंद अमेरिकेत कायदेशीर आहे, त्याला रिलोडिंग म्हणतात. १८९८ पर्यंत बनलेली बंदूक तिथल्या केंद्रीय कायद्यात अँटिक धरली जाते. आपल्याकडे परवान्याशिवाय यातलं काही करता येत नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

दुसरी गोष्ट शब्दांची. आपण मराठीत सगळ्यालाच गोळी म्हणतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. पोलिसांच्या बातमीत 'जिवंत काडतूस' असतं, ते संपूर्ण काडतूस. पितळेची नळकांडी ती पुंगळी, 'घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' यातली. तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात घट्ट बसवलेला शिशाचा तुकडा, तो म्हणजे गोळी. आमच्या जिल्ह्यात वरणगावला आयुध निर्माणीत लष्करासाठी अशी काडतुसं बनतात. तिथल्या माणसासमोर काडतुसाला गोळी म्हटलं तर तो मान हलवून दुरुस्ती करतो. या लेखात गोळी म्हणजे फक्त तो पुढचा तुकडा.

नाव एक, माप दुसरं

शेती करणाऱ्याला हे समजावणं सोपं आहे. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची जीआय पाइप मागा आणि व्हर्नियर लावा. बाहेरून २१.३ मिलिमीटर, आतून साधारण १६. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो कुठे गेला? कुठेच नाही, तो फक्त नावात आहे. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी घ्या, ती बाहेरून मोजायची. एकाच शेतात, एकाच मोटारीच्या पाण्यावर दोन पद्धती गुण्यागोविंदाने नांदतात. मिस्त्री चुकत नाही, कारण तो नावावर जात नाही, सांधा बसतोय का ते बघतो.

बंदुकीच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात. त्यामुळे गोळीला फिरकी मिळते. खाच आणि खाच यांच्यामध्ये उंचवटे राहतात. म्हणजे एकाच नळीला दोन व्यास झाले: समोरासमोरच्या उंचवट्यांमधला लहान आणि खाचांच्या तळापासून तळापर्यंतचा मोठा. गोळी खाचा भरून जायला हवी, म्हणून तिचं माप मोठ्या व्यासाशी जुळावं लागतं. नाव मात्र कधी लहान व्यासावरून ठेवलंय, कधी मोठ्यावरून, कधी पुंगळीवरून, तर कधी विक्रीला बरं वाटेल असं. लष्कराची ७.६२ मिलिमीटर घ्या. हा उंचवट्यांमधला व्यास, प्रत्यक्ष गोळी ७.८२ मिलिमीटरची. (आमची पाचोरा-जामनेर छोटी गाडी ७६२ मिलिमीटर गेजवर धावायची. दोन्हींत इंचाचं गणित आहे, एकात ३० इंच, दुसऱ्यात ०.३० इंच. भाचा लहानपणी त्याच गाडीने मामाच्या गावाला यायचा, म्हणून हे आठवलं.)

आता खरी मजा अडतीसची.

१८५१ चं कोल्ट नेव्ही हे ठासणीचं रिव्हॉल्वर. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू घालायची, वर शिशाचा गोल मणी ठेवायचा आणि नळीखालच्या दांड्याने दाबायचा. त्याचं नाव ३६, कारण उंचवट्यांमधला व्यास ०.३६ इंचाच्या जवळपास. खाचांच्या तळाशी मात्र ०.३७५ च्या आसपास. मणी घालायचा तो ०.३७५ ते ०.३८० चा. घरापेक्षा किंचित मोठाच घ्यायचा. दाबताना शिशाची बारीक कडी सोलून निघाली की समजायचं घर नीट बंद झालं. कडी निघाली नाही तर फट राहिली, आणि फटीतून ठिणगी शेजारच्या घरात गेली तर एका झटक्यात दोन-तीन घरं पेटतात.

मग पितळी काडतूस आलं. ते मागून भरायचं तर सिलिंडरला आरपार भोक हवं. त्याचं पेटंट १८५५ साली रोलिन व्हाइटने घेतलं होतं आणि ते स्मिथ अँड वेसनच्या हातात होतं. १८६९ ला ते संपलं आणि कोल्टने आपली जुनी ठासणीची रिव्हॉल्वरं काडतुसाची करायला घेतली. नळी तीच ठेवली. नळी ०.३७५ ची, म्हणजे गोळीही तेवढीच हवी. घरात भोक सरळ आरपार पाडलेलं, म्हणजे पुंगळीची बाहेरची बाजू आणि गोळी एकाच जाडीची हवी. मग गोळी पुंगळीत शिरणार कशी?

त्यावर त्यांनी बाटलीच्या बुचाची युक्ती केली. गोळीचा मागचा भाग पायरी देऊन बारीक केला. तो पुंगळीच्या आत शिरायचा, पुढचा जाड भाग पुंगळीच्या बाहेरच्या भिंतीशी समतल राहायचा. याला टाचेची गोळी म्हणू. पुंगळी नि गोळी दोन्ही ०.३८ च्या आत-बाहेर, म्हणून काडतुसाचं नाव पडलं ३८. इथपर्यंत नाव प्रामाणिक होतं.

टाचेच्या गोळीला एक खोट होती. तिला लावलेलं मेण-चरबी बाहेर उघडं राहायचं. खिशात ठेवली की धूळ, तंबाखूचा भुगा, कापडाचं सूत, सगळं चिकटायचं. १८७०-७१ च्या सुमारास रशियन सरकारने स्मिथ अँड वेसनकडून ४४ ची रिव्हॉल्वरं घेताना अट घातली: आम्हाला टाच नको, गोळी आखी पुंगळीच्या आत बसली पाहिजे, चरबीसकट. अट रास्त होती. पण गोळी आत न्यायची म्हणजे ती पुंगळीच्या आतल्या व्यासाची, अर्थात बारीक करावी लागली. ४४ ची गोळी ०.४२९ इंचावर आली. नाव ४४ च राहिलं आणि १९५५ च्या ४४ मॅग्नमपर्यंत तसंच चालत आलं.

अडतीसचंही तेच झालं. टाच गेली, गोळी आत शिरली, ०.३५७ वर आली. नाव ३८ राहिलं, आजचं ३८ स्पेशल नावाचं काडतूस याच मापाचं. म्हणून आज परिस्थिती अशी की ३६ नावाच्या रिव्हॉल्वरला ०.३७५ चा मणी लागतो आणि ३८ नावाच्या रिव्हॉल्वरला ०.३५७ ची गोळी. छत्तीस अडतीसपेक्षा मोठं! १९३५ च्या सुमारास ३५७ मॅग्नम आलं, तेव्हा कुठे खरं माप नावात आलं. त्याची पुंगळी ३८ स्पेशलपेक्षा साधारण एक सूत लांब ठेवली, हेतू हा की जोरकस काडतूस जुन्या ३८ च्या घरात शिरूच नये. जुनी टाच अजून पूर्ण मेलेली नाही. आपल्याकडे रायफल क्लबात पोरं २२ बोअरची लाँग रायफल वापरतात, १८८७ पासूनची, तिची गोळी आजही टाचेचीच आहे.

३८ नावाची आणखी भावंडं आहेत. ३८ स्मिथ अँड वेसन हे वेगळं काडतूस, आखूड आणि जाडसर, त्याची गोळी ०.३६१ ची. ब्रिटिश लष्कराने १९३० च्या दशकात जे ३८ चं एनफील्ड रिव्हॉल्वर घेतलं, ते याच घराण्यातलं. ०.३५७ आणि ०.३६१ मध्ये फरक चार थाउचा, म्हणजे एक इंचाच्या हजार भागांपैकी चार. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही. गोळीला मात्र कळतो: बारीक गोळी नळीत खाचा न धरता घसरत जाते आणि कागदावर आडवी लागते, भोक गोल न पडता किल्लीच्या भोकासारखं लांबट पडतं.

गोळीने आधी कोणाला विचारायचं

रायफलमध्ये गोळी थेट नळीत जाते. रिव्हॉल्वरमध्ये आधी तिला सिलिंडरच्या घरातून बाहेर पडावं लागतं, मग एक बारीकशी फट ओलांडायची, मग नळीच्या फनेलसारख्या तोंडातून आत. घराच्या पुढच्या टोकाला भोक थोडं अरुंद होतं. त्याला आपण घराचा गळा म्हणू. गोळीचं माप आधी गळा ठरवतो, नंतर नळी.

चांगल्या रिव्हॉल्वरमध्ये गळा नळीच्या खाचांएवढा किंवा नखभर मोठा असतो, आणि गोळी गळ्यात बोटाच्या दाबाने सरकेल एवढी घ्यायची. गळा नळीपेक्षा अरुंद निघाला, तर घात. नळीला साजेशी गोळी घेतली तरी गळ्यातून जाताना ती दाबून बारीक होते आणि नळीत ढिली पडते. भाच्याच्या हातातल्या वेब्लीची ही जुनीच तक्रार आहे. बऱ्याच वेब्लींमध्ये गळा ०.४५० इंचाच्या आसपास आणि नळी त्याहून सैल, असं मोजणाऱ्यांना आढळलं आहे. मग ब्रिटिश लष्कर १८८७ पासून साठ वर्षं हे हत्यार घेऊन जगभर कसं फिरलं?

उत्तर आपल्या हातपंपात आहे. हातपंपाच्या दट्ट्याला चामड्याचं वाटीसारखं वॉशर असतं, गावात त्याला बकेट म्हणतात. सायकलच्या पंपातही तेच. वाटी सैलसर असते, म्हणून दट्ट्या सहज सरकतो. पण दाब आला की वाटीची कड बाहेर फाकते आणि भिंतीला चिकटते. जेवढा दाब, तेवढं घट्ट. वेब्लीची गोळी मागून पोकळ आहे, अशीच वाटी. मऊ शिशाची. गळ्यातून बारीक होऊन निघते, मागून वायूचा दाब येतो, पोकळ बुडाची कड फुलते आणि नळीच्या खाचा भरते. गोळीला दोन मापं जमतात, कारण ती वाटेत आपलं माप बदलते. टाच काढून टाकल्यावर कोल्टच्या जुन्या सैल नळ्यांसाठीही हीच पोकळ बुडाची गोळी काढावी लागली होती.

म्हणून दुकानदाराने ०.४५४ ची दिली ते चुकीचं नव्हतं, पण अर्धंच उत्तर होतं. नुसता आकडा विचारून भागत नाही. बूड पोकळ आहे का सपाट? शिसं मऊ आहे का कडक? ०.४५२ चा डबा मी त्याला बाजूला ठेवायला सांगितला. ते माप आजच्या ४५ कोल्टचं आणि ४५ एसीपीचं (कोल्टच्या स्वयंचलित पिस्तुलाचं काडतूस), जुन्या वेब्लीचं नव्हे.

कडक शिशाबद्दल नव्या माणसाची हमखास उलटी समजूत असते. नळीला शिसं चिकटतं ना, मग कडक गोळी घेऊ, ती कमी घासेल. जोरकस काडतुसात हे थोडंफार खरं आहे. जुन्या, कमी दाबाच्या रिव्हॉल्वरमध्ये नेमकं उलटं होतं. कडक गोळी फुलत नाही, फट राहते, फटीतून तापलेला वायू सुसाट पुढे जातो आणि गोळीची कड वितळवून नळीवर शिंपडतो. सुकून कडक झालेलं बकेट जसं पाणी उचलत नाही, तसंच. शुद्ध शिसं ब्रिनेलच्या कडकपणाच्या मापावर ५ च्या आसपास येतं. वीस भाग शिशात एक भाग कथील घातलं की १० च्या जवळ. छपाईचा लायनोटाइप मिश्रधातू, त्यात शिसं ८४, अँटिमनी १२ आणि कथील ४ टक्के, तो २२ पर्यंत जातो. धुळे-जळगावच्या जुन्या छापखान्यांतले खिळे ज्यांनी हाताळलेत त्यांना ठाऊक आहे, खिळा वाकत नाही, तुटतो. अक्षरासाठी तो गुण, या गोळीसाठी दोष. जुन्या रिव्हॉल्वरला शुद्ध शिशापासून फार तर वीसास एकच्या मिश्रणापर्यंतच राहावं. ठासणीच्या रिव्हॉल्वरला तर शुद्धच, नाहीतर मणी दाबताना दांडा वाकतो.

तांब्याचं कवच असलेली गोळी या म्हाताऱ्या हत्यारांना देऊच नये. ती फुलत नाही, जुन्या मऊ नळीला झिजवते आणि दाब कमी पडला तर मध्येच अडकते. अडकलेली गोळी लक्षात आली नाही आणि मागून दुसरी झाडली, तर नळीला गाठ येते, फुटतेही. आवाज नेहमीपेक्षा दबका आला की थांबायचं, हत्यार रिकामं करायचं, नळीतून उजेड दिसतो का ते बघायचं. भाच्याला हे वाक्य मी दोनदा म्हणायला लावलं.

नळीचं माप कसं घ्यायचं

रिव्हॉल्वर रिकामं आहे याची खात्री करून, तेल लावलेल्या नळीत मऊ शिशाचा किंचित मोठा तुकडा लाकडी दांडीने हळूहळू सरकवत नेतात. तो खाचांचा ठसा घेऊन बाहेर येतो, खव्याच्या पेढ्यावर साच्याची नक्षी उठावी तसा. तो मायक्रोमीटरने मोजायचा. गळ्याचंही असंच, सहाही घरांचं वेगवेगळं. एक मोजून बाकीची तशीच असतील असं धरू नये, शंभर वर्षांपूर्वीच्या रीमरची, म्हणजे भोक मापात आणणाऱ्या हत्याराची धार पहिल्या घराला आणि सहाव्या घराला सारखी नसायची.

इथे भाचा अडला. तुकडा निघाला छान, पण मायक्रोमीटर दर वेळी वेगळा आकडा दाखवत होता. मी विचारलं, खाचा किती? त्याने मोजल्या, सात. मग बरोबर आहे. विषम खाचा असल्या की एका खाचेच्या बरोबर समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. साध्या मायक्रोमीटरचे दोन सपाट जबडे मोठा व्यास पकडूच शकत नाहीत. स्मिथ अँड वेसनच्या पाच खाचांनाही हीच अडचण. त्यासाठी व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो, तोही खाचांच्या संख्येप्रमाणे वेगळा. आमच्या टूलरूममध्ये तीन धारांचे टॅप मोजायला असला एक होता, दिवाळीच्या पूजेला तेवढा एकच पुसून मांडायचे.

तोळ्याचा हिशेब

गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. जळगावकराला ग्रेन परका वाटायचं कारण नाही. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा ठरवला तोच मुळी १८० ग्रेनचा. आपला ११.६६ ग्रॅमचा तोळा म्हणजे हेच १८० ग्रेन. बारा मासे, शहाण्णव गुंजा. वेब्लीची ४५५ ची लष्करी गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे दीड तोळ्याला अगदी थोडी कमी. ३८ स्पेशलची नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, पाऊण तोळ्याहून जास्त. ब्रिटिशांच्या ३८ ची २०० ग्रेनची, तोळा आणि वर दहा-अकरा गुंजा. भाच्याला हे भलतंच आवडलं. आता तो बायकोला सांगतो की डब्यात सत्तर तोळे आहेत.

वजनाचा परिणाम मनाला पटत नाही असा आहे. जड गोळी खाली लागेल असं वाटतं. रिव्हॉल्वरमध्ये जवळच्या अंतरावर ती वर लागते. जड गोळी सावकाश जाते, म्हणून नळीत जास्त वेळ असते आणि तेवढ्या वेळात धक्क्याने नळीचं तोंड वर उचललेलं असतं. जुन्या रिव्हॉल्वरची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, ठोकून पक्की केलेली असते, वर-खाली करता येत नाही. कारखान्याने ती एका ठरावीक वजनाच्या गोळीवर बेतलेली असते. वेब्लीला २६५ च्या जवळची गोळी दिली की नेम नेमाच्या जागी येतो, २०० ची दिली तर खाली. नेम चुकला म्हणून माशी कानसायला बसणारे लोक आहेत, आधी डबा वाचावा.

४५ एसीपीचा विषय याच ओघात येतो. अमेरिकेत हजारो वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू घासून त्यात ४५ एसीपी बसेल असं केलं गेलं, कारण ते काडतूस कोपऱ्यावर मिळायचं. बसतं हे खरं. पण त्याचा दाब चौरस इंचाला २१,००० पौंडांपर्यंत जातो आणि वेब्लीचं ४५५ त्याच्या कितीतरी खाली चालतं, गोळीचा वेग सेकंदाला ६०० फुटांच्या आसपास. बुलेट मोटारसायकलच्या टायरमध्ये ट्रकची हवा भरण्यातला हा प्रकार. घासलेलं सिलिंडर असेल तर आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवायचं. भाच्याचं घासलेलं निघालं नाही, नशीब.

दारू किती आणि कोणती, यावर मी मुद्दाम काही लिहीत नाही. तो आकडा त्याच काडतुसासाठी, त्याच जातीच्या हत्यारासाठी तपासून छापलेल्या पुस्तकातून घ्यायचा, मामाकडून नाही. एवढं मात्र सांगतो की १८९० च्या आधीची बरीच रिव्हॉल्वरं काळ्या दारूसाठी बनली. बिनधुराची दारू तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त जोर धरते. ४५५ च्या काडतुसात ब्रिटिशांनी १८९४ ला बिनधुराचं कॉर्डाइट आणलं, तेव्हा पुंगळीत जागाच फार उरू लागली आणि १८९७ ला पुंगळी आखूड केली.

काळी दारू जळाली की निम्म्याहून जास्त वजन घन राख म्हणून मागे राहतं. ती राख नळीत दगडासारखी बसते, म्हणून गोळीला वंगण लागतं, आणि ते मधमाशीचं मेण नि चरबी यांचं. पेट्रोलियमचं ग्रीस या राखेत मिसळून डांबर होतं. वंगणाच्या खाचा कमी असलेली, बिनधुराच्या दारूसाठी ओतलेली गोळी काळ्या दारूवर वापरली तर चार-सहा बारांनंतर सिलिंडर फिरेनासं होतं. डबा घेताना गोळीच्या कमरेवरच्या खाचा किती खोल आहेत ते बघायचं.

हे मेण-चरबीचं प्रकरण आपल्या इतिहासात कुठे जाऊन पोचलं, ते सांगायला नको. एनफील्ड रायफलची कागदी काडतुसं दातांनी तोडायची होती आणि वर लावलेली चरबी कशाची, यावर सगळं पेटलं. जानेवारी १८५७ मध्ये सरकारने सांगून पाहिलं की शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण लावावं. उशीर झाला होता. खानदेशात १८२५ साली आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली होती, आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांनीच कंपनीच्या फौजेशी लढाई केली. त्या काळातली रिव्हॉल्वरं गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. त्यातली एखादी इकडेच राहून गेली आणि पुढे कुणाच्या वाड्यात पेटीत निघते, असं होतं.

पेटीत निघालीच, तर

तर यातलं काहीही करायचं नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आहे. काडतूस बनवायला परवाना लागतो, आणि काडतुसाचे सुटे भाग नि ती बनवायची यंत्रंही कायद्याच्या दृष्टीने दारूगोळ्यातच मोडतात. परवान्याशिवाय बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे. 'जुनं आहे, शोभेचं आहे' म्हणून सूट मिळते, पण ती दुरुस्त करूनसुद्धा झाडता येणार नाही अशा हत्याराला. नुसतं गंजलेलं असणं पुरत नाही. शिवाय सरकारी .३८० आणि .४५५ ची काडतुसं ज्यात बसतात ती रिव्हॉल्वरं १९६२ च्या नियमांतच खास वर्गात टाकली होती. आजोबांची वेब्ली निघाली, तर ती उघडून बघण्याआधी पोलीस ठाण्यात कळवावं आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारावं. सोबत जुनी काडतुसं निघाली तर ती हाताळूही नयेत.

चोपडा-शिरपूरकडच्या बातम्यांत गावठी कट्टे दर महिन्याला पकडले जातात. वर जे गळा, नळी, शिसं, दाब म्हणून लिहिलं, त्यातलं एकही माप त्या नळीला नसतं. पाइपचा तुकडा आणि अंदाज.

भाच्याने मागच्या रविवारी आकडे पाठवले. व्ही बैठकीचा मायक्रोमीटर क्लबमधल्या एका म्हाताऱ्याने उसना दिला. नळी ०.४५६, गळे पाच घरांचे ०.४५० आणि सहाव्याचा ०.४४८. म्हणजे पोकळ बुडाची, मऊ शिशाची, २६५ ग्रेनची ०.४५५ घ्यायची हे ठरलं. तिसऱ्या डब्यातल्या गोळ्या मात्र सपाट बुडाच्या निघाल्या, त्या परत गेल्या. सहाव्या घराचं काय करायचं ते तिथला गनस्मिथ बघून सांगणार आहे. त्याची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. तोवर वेब्ली कपाटात, तेल लावून, कापडात गुंडाळून.